चौदावा कोयता

पुण्याच्या प्रयोगशाळेतून तक्ता आला तो १९९८च्या मे महिन्यात, भर दुपारी, आणि यशोधरा भिंगारदिवेनं तो उभ्या उभ्याच वाचला. घोटभर पाणी पिऊन, बसून, दोनदा वाचला असता तर पुढचं सगळं टळलं असतं असं तिला नंतर फार वाटलं. पण बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. भिंगारच्या घरी तिची आई बनाबाई रोज तिच्यापुढं ताट ठेवायची आणि रोज तेच म्हणायची, "जेवताना तरी बूड टेकव गं बाई." यशोधरा टेकवायची आणि शेवटचा घास तोंडात असतानाच चपला शोधायला लागायची.

ती काम करायची ती जागा म्हणजे नगरच्या माळीवाडा स्टँडमागच्या तीन खोल्या. एचआयव्ही जिल्ह्यात कुठून येतोय आणि कसा पसरतोय हे शोधायला पुण्याहून एक प्रकल्प आला होता. रक्त घ्यायचं, निकाल सांगायचा, माणसाला धीर द्यायचा, ही कामं यशोधराची. दीड वर्षापूर्वी, डिसेंबरात, राहात्याजवळच्या एका साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड्यांच्या कोप्यांमधून, पाचटाच्या झोपड्यांतून, ती पंधरा दिवस हिंडली होती. मुकादमाकडून कोयत्यांची यादी घेतली. दोनशे चाळीस कोयते. एका कोयत्यात माणसं दोन, एक बाप्या आणि एक बाई. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते. प्रत्येक नळीवर तिनं कोयत्याचा नंबर घातला, बाप्याला अ, बाईला ब. गुप्तता राहावी म्हणून नाव कुठंच लिहिलं नाही. निकाल ज्याचा त्यानं नंबर सांगून, एकट्यानं येऊन न्यायचा. निम्मे लोक आलेच नाहीत.

त्या रक्तांचं पुण्यात काय करतात ते डॉ. तुषारनं तिला एकदा समजावून सांगितलं होतं. तुषार तिथला संशोधक, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हुशार आणि हुशारीची पुरेपूर जाणीव असलेला. विषाणू माणसाच्या अंगात स्वतःच्या नकला काढत राहतो आणि नक्कल काढताना सारखा चुकतो. त्या चुका वाचता येतात. "वर्गात दोन पोरांचं गणित एकाच जागी, एकसारखंच चुकलं, तर त्यांनी एकमेकांचं किंवा तिसऱ्याचं बघून लिहिलंय हे मास्तर ओळखतो," तो म्हणाला होता. "कुणी कुणाचं बघितलं, ते मात्र नुसत्या वहीवरून सांगता येत नाही." अशा हजारो वह्या तपासल्या की एकाच घराण्याचा विषाणू तळातळावर फिरतोय, की शहराशहरांतून वेगवेगळे येतायत, हे कळणार होतं. यशोधराला ते ऐकून अभिमान वाटला होता. आपण भरलेल्या नळ्यांतून अख्ख्या जिल्ह्याची वाट दिसणार होती.

तक्त्यात नऊ कोयते असे होते की दोघांनाही लागण. सहा कोयत्यांत विषाणू जुळत होता. तीन कोयत्यांत दोघांच्या विषाणूंचं घराणंच वेगळं. त्या तिघांपुढं तुषारनं पेन्सिलनं लिहिलं होतं: 'तिन्ही स्त्रियांना लागण लग्नाबाहेरून?' तिघांतला पहिला आकडा चौदा.

चौदा-ब कोण ते यशोधराला ठाऊक होतं. पाथर्डीच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत हिवरदरा म्हणून वस्ती आहे, तिथली कडूबाई. गेल्या पावसाळ्यात नवरा सहादेव सरकारी दवाखान्यात वारला आणि महिन्याभरानं ती नंबर सांगून निकाल घेऊन गेली. तेव्हापासून दर महिन्याला गोळ्यांसाठी यायची. आजही आली होती, बाहेर बाकड्यावर बसली होती. सोबत सासू दगडाबाई. मुलगा गेला त्याचं दुःख म्हातारीनं सुनेच्या माथी मारलं नव्हतं. नशिबाला बोल लावून ती सुनेचा हात धरून नगरला यायची, हे यशोधरा किती जणींना कौतुकानं सांगायची.

तिनं कडूबाईला आत घेतलं. आत म्हणजे पडद्याच्या अलीकडं; भिंतीचे पैसे प्रकल्पानं मंजूर केले नव्हते.

"कडूबाई, एक विचारते, राग मानू नका. नवऱ्याशिवाय दुसरं कुणी होतं का?"

"दुसरं म्हंजी?"

"पुण्याहून कागद आलाय. तुमच्या नि तुमच्या नवऱ्याच्या रक्तातला विषाणू जुळत नाही. वेगळ्या घराण्याचे आहेत ते. दुसरं कुणी असेल तर त्यालाही सांगायला पाहिजे, म्हणजे त्याच्यापासून आणखी कुणाला व्हायला नको."

हेतू वाईट नव्हता, हे इथं सांगितलं पाहिजे. तो दुसरा माणूस सापडला तर त्याची बायको वाचेल, एवढंच तिच्या डोक्यात. संशोधनाचा तक्ता पेशंटला सांगायचा नसतो हा नियम तिला पाठ होता आणि तो तिनं मोडला.  कडूबाई हळू म्हणाली, "पोरीची आन. कुनी न्हाई." पडद्यापलीकडं बाकडं करकरलं. दगडाबाई उठली होती आणि सुनेला न घेताच स्टँडकडं निघाली होती.

पुढचे आठ दिवस यशोधराला काही सुचलं नाही. पडद्यापलीकडचं म्हातारीनं किती ऐकलं असेल याचा ती हिशोब मांडत राहिली आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. सगळं. पुढच्या शनिवारी कडूबाई एकटी आली. बसायलाही तयार नव्हती.

"आत्याबाईनी गोठ्यात काढलंय मला. म्हनत्यात, तूच बाहेरून आनलं आन माज्या लेकाला मारलं. धाकला दीर तर लईच पेटलाय, वाल्मिक. पुण्याचा कागद सांगतोय म्हनतो, कागद खोटं बोलत न्हाई. मंगळवारी बैठक हाय. मला म्हायेरी धाडनार आन पंकजाला ठिवून घेनार."

पंकजा तिची मुलगी, सात वर्षांची. कडूबाईची आई वारलेली, भाऊ विचारत नाही, तेव्हा माहेर म्हणजे नुसता शब्द. 

"ताई, तुमी शिकलेल्या हायसा. मी कसं पटवू? तुमी रगत घेतलं त्या साली पंकजाचा बाप खोकत घरी पडला हुता. मी कारखान्यावर राबत हुते दोघांचं. मला कुठं येळ हुता नको ते धंदे कराया?"

"घरी? कारखान्यावर आले नव्हते ते?"

"न्हाई बा. उठून बसता येत नव्हतं. कामून?"

"काही नाही," यशोधरा म्हणाली. पण चौदा-अ चं रक्त तिनं कारखान्यावर घेतलं होतं. उभ्या, धडधाकट माणसाचं. बाही वर करताना तो हसला होता एवढंही तिला आठवलं.

कडूबाई गेल्यावर तिनं फॉर्मचा गठ्ठा काढला. चौदा-अ, वय तेवीस. चौदा-ब, वय सत्तावीस. बाई मोठी, बाप्या लहान, हे तेव्हाही दिसलं होतं. तळावर वय कुणाला नीट ठाऊक असतं असं म्हणून तिनं पान उलटलं होतं. 'नातं' असा रकानाच फॉर्ममध्ये नव्हता. तो फॉर्म तुषारनं पुण्यात बसून केला आणि तिनं तळावर उभं राहून भरला. दोघांनाही तो रकाना लागेल असं वाटलं नव्हतं.

रविवारी ती पाथर्डीला मुकादम पुंजारामच्या दारात हजर. संशय यायला नको म्हणून तिनं पाच नंबर विचारले, त्यांत ते न जुळलेले तीन मिसळून. पुंजारामनं जुनी यादी काढली, चष्मा पुसला, बोट फिरवलं.

"चौदा. कडूबाई आन वाल्मिक. दीर-भावजय. एकतीस, हा बाप आन त्याची लेक. बावन्न, भाऊ-भन."

"म्हणजे नवरा-बायको नव्हेत?"

"कोयता म्हंजी नवरा-बायको असं कुनी सांगितलं तुमाला?" पुंजाराम खदाखदा हसला. "नवरा आजारी पडला तर दीर येतो, बायको बाळतीन झाली तर भन येती. दोन मानसं पायजेत, एक तोडाया, एक बांधाया. एकलं मानूस म्हंजी अर्धा कोयता, त्याला कोन घेतंय? तुमी शहरातल्या लोकांनी लगीनच लावून टाकलं सगळ्यांचं."

यशोधरालाही हसावं लागलं. पुढं आलेला चहा तिनं संपवला आणि ती उठली.

सोमवारी सकाळी तिनं एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. तुषारनं सगळं ऐकून घेतलं.

"तिन्ही?" त्यानं विचारलं.

"तिन्ही."

"मी निबंध पाठवलाय, यशोधरा. परिषदेला. लागण झालेल्या ऊसतोड बायकांत तिघींतल्या एकीला ती लग्नाबाहेरून होते, असा निष्कर्ष आहे त्यात." पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. "उरलेल्या सहाच्या सहा जोड्या जुळल्यात. जुळल्या तरी कुणी कुणाला दिला हे तक्ता सांगत नाही, आणि मी बायकांना दोष देऊन मोकळा झालो. निबंध परत घेतो. आजच."

"आणि माझ्या बाईचं काय?"

"सहादेवचं रक्त आपल्याकडं नाहीच. तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. एवढंच खरं आहे."

एवढंच खरं होतं, पण ते सांगायचं कसं? रात्रभर ती भिंगारच्या घरात या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालत राहिली. तो कागद सहादेवचा नव्हता असं म्हटलं की पुढचा प्रश्न, मग कुणाचा? आणि हिवरदऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार की त्या साली कडूबाईबरोबर कोयत्याला कोण होतं. खरं सांगितलं तर वाल्मिक चारचौघांत उघडा पडतो. नाही सांगितलं तर कडूबाईची पोर तुटते. आणि वाल्मिकनं स्वतःचा निकाल दीड वर्षात विचारलाच नव्हता. ज्या कागदाच्या जोरावर तो वहिनीला हाकलायला निघाला होता, त्या कागदावर त्याचंच रक्त होतं.

मंगळवारी ती पहिल्या गाडीनं निघाली. पाथर्डीला गाडी बदलली, फाट्यावर उतरून उन्हात दोन मैल चालली. बैठक तिसऱ्या प्रहरी होती. वाल्मिक तिला विहिरीवर बैलाला पाणी पाजताना सापडला. तिनं त्याला ओळखलं आणि त्यानं तिला.

"तुमी कशाला आल्या, म्याडम? तुमचा कागद आला तेवढा बास झाला."

"तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय. तुमचा निकाल माझ्याकडं दीड वर्षं पडून आहे."

त्याचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. त्यानं वस्तीकडं बघितलं, मग तिच्याकडं. निकाल चांगला असता तर ही बाई दोन मैल चालत आली नसती, हे कुणालाही कळलं असतं.

"मला न्हाई पायजे," तो म्हणाला.

"ऐकावा लागेल. बायको आहे तुमची."

त्यानं ऐकलं. ऐकता ऐकता तो विहिरीच्या काठाला टेकून खाली बसला. तिनं सगळं सांगितलं, हळूहळू, एकेक करून, जसं शिकवलं होतं तसं.  चौदा नंबरचा कागद त्याचा होता हेही सांगितलं. लग्नाआधी तो तीन वर्षं ट्रकवर क्लीनर होता. ते त्यानं आपण होऊन, न विचारता, बैलाकडं बघत सांगितलं.

"म्हंजी माज्यामुळं वैनीला..."

"नाही. उलट. तुमच्या नि तिच्या विषाणूचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढंच तो कागद म्हणतो. बाकीचं सगळं आम्ही आमच्या मनानं वाचलं. मी वाचलं."

"माज्या बायकूला पाचवा म्हैना हाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि यशोधराला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. घराबाहेर काढलं होतं ते कडूबाईला, त्याला नव्हे.

"तिची तपासणी लगेच व्हायला हवी. तिला सांगायचं काम तुमचं. पाहिजे तर मी शेजारी बसते."

"कुनाला सांगू नका, म्याडम. पाया पडतो. मी मरंल."

"मी सांगणार नाही. पण बैठकीत मी कागद मागं घेणार आहे, आणि तुम्ही आडवं यायचं नाही."

बैठक दगडाबाईच्या अंगणात भरली. सात-आठ बाप्ये घोंगडीवर, बायका ओट्याला टेकून. कडूबाई गोठ्याच्या दाराशी उभी, डोक्यावर पदर, पंकजाचा हात हातात आवळलेला. यशोधरानं कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं की चूक तिची होती. कागद तिनं चुकीचा वाचला. त्यात कडूबाईच्या नवऱ्याबद्दल एक अक्षरही नाही आणि कडूबाईवर काहीच शाबीत होत नाही.

"त्या दिशी तर लई ठासून बोलत हुतीस," दगडाबाई म्हणाली. "वेगळं घरानं म्हनली. म्या ह्या कानानी ऐकलं."

"चुकले, मावशी."

"मंग त्यो कागद कुनाचा?"

"ते मला सांगता येणार नाही."

घोंगडीवर कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, बाईला पढवून आणलंय. दुसरा म्हणाला, सरकारी माणसं काय, आज एक नि उद्या एक.  आणखी एक वाक्य बोललं की सगळं मिटत होतं, ते वाक्य जिभेवर होतं आणि ते तिला गिळावं लागत होतं. दगडाबाईनं नातीला हाक मारली, "पंके, हिकडं ये." पोर हलली नाही. म्हातारी उठली आणि तिनं पोरीचा दुसरा हात धरला.

"आई, सोड तिला," वाल्मिक म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. तो कडेला उभा होता, बायकोच्या शेजारी, पण तिच्यापासून हातभर लांब.

"वैनी कुठं जायाची न्हाई. घरात ऱ्हाईल. आतल्या खोलीत."

"अरं, काल तूच म्हनत हुतास, आजच्या आज काढा म्हनून."

"काल मी येडा हुतो. बाई चुकली म्हनतीय न्हवं? मंग मीबी चुकलो. दादाच्या माघारी ह्या घराचा करता मी हाय का न्हाई? मी सांगतो, ऱ्हाईल."

त्याच्या आवाजात असं काही होतं की कुणी पुढं विचारलं नाही. म्हातारीनं पोरीचा हात सोडला. घोंगडीवरचे एकेक करून उठले, चहाची वाट न बघता. कडूबाईची माफी कुणी मागितली नाही, ते कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

यशोधरा फाट्याकडं निघाली तेव्हा कडूबाई तिच्याबरोबर चालायला लागली. 

"पंकजाच्या बापाचं रगत तुमी घेतलंच नव्हतं," कडूबाई म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "मी सांगितलं तवा तुमचं तोंड उतरलं, ते मी बघितलं. त्या दिशी आमी दोघंच सुईला बसलो हुतो. आधी भावजी, मंग मी."

यशोधरा चालत राहिली.

"नगा बोलू. तुमाला बोलता येत न्हाई, कळलं मला. आज अंगनातबी येत नव्हतं." तिनं पदर सारखा केला. "मला आधी वाटलं, सगळ्यांसमोर वराडून सांगावं. इतके दिस गोठ्यात निजले मी, त्याच्या एका बोलन्यानं. मंग धाकलीकडं बघितलं. ती प्वाटावर हात ठिवून उभी हुती. तिला काईच ठावं न्हाई."

"ते वाल्मिकनं तिला सांगायचंय. त्यानं कबूल केलंय."

"त्यो सांगल?"

 ऊन अजून उतरलं नव्हतं आणि फाट्यावर गाडीचा पत्ता नव्हता. यशोधरानं घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं.

"दोन दिस वाट बघते त्याची," कडूबाई म्हणाली. "न्हाई बोलला तर मीच आनते तिला, हाताला धरून. जावा-जावांनी दवाखान्यात जायाला कुनी आडवत न्हाई. पर ताई, एक सांगते. तिला इचारताना मला इचारलं तसं इचारू नका."

"नाही विचारणार," यशोधरा म्हणाली. कडूबाईनं मान हलवली आणि ती वस्तीकडं वळली, भराभरा. पोरगी घरात एकटी होती आणि दिवेलागणीच्या आत तिला सामान गोठ्यातून आतल्या खोलीत न्यायचं होतं.